रकाना ओळखला की फाईल आवळते

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या वर्षभराच्या बिलांची फाईल घेतली तर प्रत्येक ओळीत तो निदान दोनदा येतो, एकदा विकणाऱ्याचा आणि एकदा घेणाऱ्याचा. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र 27, गोवा 30. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. तेरावं अक्षर त्या पॅनवरची त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं, चौदाव्या जागी जवळपास नेहमीच ‘झेड’ असतो आणि पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने काढलेलं असतं. म्हणजे शेवटच्या दोन अक्षरांत नवं असं काही नाही. शेजारी पॅनचा वेगळा रकाना ठेवला असेल तर तो आख्खा रकाना पुनरुक्ती. पत्त्यातला पिनकोड 411 ने सुरू होत असेल तर राज्य वेगळं लिहायची गरज नाही. बँकेच्या आयएफएससी कोडमधलं पाचवं अक्षर तर ठरलेलं शून्य.

व्यापारी, बँका, विमा आणि टेलिफोन कंपन्या साठवतात त्या नोंदींत अशी पुनरुक्ती ठासून भरलेली असते. ती नेमकी कुठे आहे हे नोंदी ठेवणाऱ्याला पक्कं माहीत असतं; फाईल झिप करणाऱ्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. व्यवहाराच्या नोंदी लहान करण्याच्या क्षेत्रात गेल्या पंचवीस वर्षांत जे काही नवं हाती लागलं, त्यातलं बरंचसं या एका अज्ञानावर मात करून मिळालेलं आहे.

डिस्क एवढी स्वस्त झाल्यावर हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. यूपीआयचे महिन्याचे व्यवहार ऑगस्ट 2023 मध्ये पहिल्यांदा 1000 कोटींच्या पुढे गेले. एका व्यवहाराची नोंद 200 बाइटची धरली तरी महिन्याचे दोन टेराबाइट होतात, आणि ही नोंद एकाच ठिकाणी राहत नाही: पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक, मधलं अ‍ॅप, प्रत्येकाची आपली प्रत आणि प्रत्येकाचा बॅकअप. कंपनी कायदा 2013 नुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने. जागा क्लाउडवर घेतली असेल तर तिचं भाडं दर महिन्याला द्यायचं. शिवाय खरा खर्च साठवण्याइतकाच वाचण्याचाही असतो. लेखापरीक्षकाने चार वर्षांपूर्वीचं काही मागितलं की डिस्कवरून प्रोसेसरपर्यंत किती बाइट ओढावे लागतात, यावर उत्तर मिनिटांत येणार की तासांत हे ठरतं.

सिद्धान्ताची बाजू थोडक्यात सांगता येते. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली दाखवलं की कुठल्याही स्रोतातून येणाऱ्या माहितीला एक खालची मर्यादा असते आणि काहीही न गमावता तिच्याखाली जाता येत नाही. डेव्हिड हफमन यांनी एमआयटीत विद्यार्थी असताना, परीक्षेऐवजी निबंधाचा पर्याय घेऊन, वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देण्याची सर्वांत चांगली रीत शोधली. ती 1952 मध्ये छापून आली. जेकब झिव आणि अब्राहम लेंपेल या इस्रायली संशोधकांनी 1977 आणि 1978 च्या दोन निबंधांत शब्दकोशाची कल्पना मांडली: मागे येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो न लिहिता ‘इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल’ एवढंच लिहायचं. फिल काट्झ यांनी आपल्या पीकेझिप या प्रोग्रामसाठी हफमन यांची रीत आणि हा शब्दकोश जोडून डिफ्लेट ही पद्धत बनवली. जीझिप, पीएनजी चित्रं आणि आपल्या रोजच्या झिप फाईली अजून तिच्यावरच चालतात.

याच क्षेत्रात बाता मारणाऱ्यांचीही कमतरता नाही. जानेवारी 2002 मध्ये फ्लोरिडातल्या झिओसिंक नावाच्या कंपनीने पूर्णपणे यादृच्छिक डेटाही शंभर पटींनी लहान करून दाखवू, अशी घोषणा केली होती. हे का अशक्य आहे ते शाळकरी मुलालाही पटेल. हजार बिटांच्या जितक्या फाईली संभवतात तितक्या दहा बिटांत मावत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या फाईलींना एकच छोटं रूप द्यावं लागेल आणि उलगडताना कुठली मूळची ते कळणार नाही. विक्रेता ‘कुठलाही डेटा दहापट लहान’ असं म्हणाला की चहा पाजून त्याला निरोप द्यावा.

आता जीझिपला आपल्या बिलांची फाईल दिली की काय होतं ते पाहू. डिफ्लेटची नजर 32 किलोबाइट मागेपर्यंतच पोचते. एक नोंद 200 बाइटची असेल तर त्याला मागच्या साधारण 160 नोंदी दिसतात. एकशे सत्तर ओळींपूर्वी येऊन गेलेला ग्राहक त्याच्या लेखी नवखाच. दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. ओळीत तारीख, क्रमांक, नाव, रक्कम, करदर असं एकामागून एक येतं. तारखेनंतर तारीख आली असती तर साम्य दिसलं असतं, पण दोन तारखांच्या मध्ये 190 बाइटचा दुसराच मजकूर. झेडस्टँडर्ड किंवा एक्सझेड या प्रोग्रामांची नजर बरीच लांब जाते, त्यामुळे पहिली अडचण कमी होते. दुसरी तशीच राहते.

या दुसऱ्या अडचणीवरचं माझ्या मते सर्वांत सुरेख काम एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत झालं, आणि ते व्हावं तिथेच हे साहजिक होतं. टेलिफोन कंपनीकडे प्रत्येक कॉलची एक ठरलेल्या लांबीची नोंद तयार होते: कुणी केला, कुणाला केला, केव्हा, किती वेळ, कुठल्या मार्गाने. रकाने ठरलेले, ओळींची संख्या अफाट. बुक्सबाउम, कॉल्डवेल, चर्च, फाउलर आणि मुथुकृष्णन यांनी 2000 साली पीझिप नावाचा प्रोग्राम मांडला. त्यांनी नवं कॉम्प्रेशन शोधलंच नाही. तक्त्याचा एक लहानसा नमुना घेऊन त्यांनी विचारलं: लागून असलेल्या रकान्यांचे गट कसे पाडले, आणि प्रत्येक गट वेगळा जीझिपला दिला, तर एकूण आकार सर्वांत कमी होईल? ही शिकवणी एकदाच घ्यायची. मग रोज येणाऱ्या फाईली त्याच गटवारीने कापायच्या. आत काम करणारा जीझिप तोच, तरी फाईल त्याच्या निम्म्यावर आली आणि वेळही निम्मा लागला. प्रयोगशाळेतली ही गोष्ट कंपनीच्या रोजच्या वापरात गेली.

पुढे बुक्सबाउम, फाउलर आणि जंकार्लो यांनी विचारलं, रकाने आहेत त्याच क्रमाने का ठेवायचे? ज्यांचा एकमेकांशी संबंध आहे ते शेजारी आणले तर? प्रश्न दिसतो साधा; पण तो थेट ‘फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न’ या गणितातल्या कुप्रसिद्ध कोड्यापर्यंत पोचतो, कारण ‘या रकान्यानंतर कोणता’ हे ठरवणं म्हणजे गावांमधला सर्वांत स्वस्त रस्ता शोधण्यासारखंच आहे. नमुन्याची आधी शिकवणी न घेता, फाईल हातात आल्यावरच गट पाडणाऱ्या त्यांच्या पद्धतींनी जीझिपपेक्षा 35 ते 55 टक्के सुधारणा दाखवली. आधी शिकवणी घेऊन रकान्यांचा क्रमही बदलला तेव्हा नुसत्या गटवारीपेक्षा काही फाईलींवर आणखी 20 टक्क्यांपर्यंत फायदा झाला. 2004 मध्ये व्हो आणि व्हो यांनी एका रकान्यावरून दुसऱ्याचा अंदाज कसा बांधायचा हे दाखवलं. पिनकोडवरून राज्य, जीएसटी क्रमांकावरून पॅन, ही आपली सुरुवातीची उदाहरणं नेमकी याच जातीची.

पिनकोडचं नाव निघालं म्हणून सांगतो. 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झालेली ही सहा आकड्यांची रचना ज्यांनी बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि कवी. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारी करणाऱ्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपाल कचेरीचे. मोठ्याकडून लहानाकडे जाणारा असा कोड क्रमाने लावला की शेजारच्या ओळींचे पहिले आकडे सारखे येतात आणि बदल फक्त शेपटाकडे होतो. कॉम्प्रेशनला याहून सोयीचा कोड मिळणं कठीण.

रकान्यांनी विचार करण्याची दुसरी परंपरा डेटाबेसवाल्यांची. मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये सी-स्टोअर मांडला: तक्ता ओळींनी न साठवता रकान्यांनी साठवायचा. 2006 मध्ये अबादी, मॅडन आणि फरेरा यांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि मला ते जागा वाचवण्याहून मोठं वाटतं: घडी न उलगडता तिच्यावरच हिशेब करायचा. जुन्या चोपडीत कारकून तेच नाव पुन्हा न लिहिता खाली ‘वरीलप्रमाणे’ची खूण करत असे, तसं राज्याच्या रकान्यात ‘27, चार लाख वेळा’ एवढंच लिहिलं की महाराष्ट्राची किती बिलं, याचं उत्तर एका आकड्यात मिळतं. चार लाख ओळींना हात लावावा लागत नाही. करदराच्या रकान्यात बोटावर मोजण्याइतक्याच किमती असतात. त्यांना दोन-तीन बिटांचे संकेत द्यायचे आणि तुलना संकेतांचीच करायची. इथे कॉम्प्रेशनने काम सावकाश होण्याऐवजी वेगाने होऊ लागलं.

मोठ्या विक्रेत्यांनी हे आपापल्या परीने आत घेतलं. ओरॅकलने 2002 च्या सुमारास, आयबीएमच्या डीबी2 ने 2006 मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने 2008 मध्ये तक्त्यांचं कॉम्प्रेशन डेटाबेसमध्येच बसवलं. ट्विटर आणि क्लाउडेरा यांनी 2013 मध्ये पार्के हा रकानेवार फाईलींचा खुला साचा आणला. आधी प्रत्येक रकान्याला साजेशी बांधणी, मग वरून स्नॅपी, जीझिप किंवा झेडस्टँडर्डचा हात, अशी त्याची दुहेरी रीत आहे. परिणाम असा की ‘व्यवहाराच्या नोंदींसाठी कॉम्प्रेशन सॉफ्टवेअर’ म्हणून वेगळी वस्तू विकत घ्यायचे दिवस जवळपास संपले. ते आता तुमच्या डेटाबेसमध्ये असतं, फक्त चालू केलेलं नसतं.

क्रमाबद्दल थोडं थांबायला हवं, कारण फुकटात मिळणारा सर्वांत मोठा फायदा तिथे आहे आणि सर्वांत जास्त चुकीचे दावेही तिथेच होतात. तक्ता राज्य, मग जिल्हा, मग तारीख असा लावून घेतला की पहिले रकाने नाममात्र उरतात. पण रोजकीर्द ही रोजकीर्द आहे; नोंद कोणत्या क्रमाने झाली हाही पुरावाच असतो. तो क्रम जपायचा तर प्रत्येक ओळीसोबत तिचा मूळ क्रमांक ठेवावा लागतो. दहा लाख ओळी पूर्णपणे विस्कटल्या तर मूळ क्रम पुन्हा लावता येण्यासाठी प्रत्येक ओळीमागे साधारण साडेअठरा बिट लागतात, म्हणजे एकूण सुमारे 23 लाख बाइट. हे कुठल्याही चतुराईने टळत नाही. ‘नुसतं सॉर्ट करून इतकी बचत’ असं कुणी दाखवलं, की मूळ क्रम सांभाळला का, हे आधी विचारायचं.

न आवळणाऱ्या रकान्यांत पहिला नंबर संगणकाने यादृच्छिक बनवलेल्या ओळख-क्रमांकांचा. यूयूआयडी मजकूर म्हणून 36 अक्षरांचा दिसतो. मूळ बिटांत 16 बाइट होतो आणि तिथेच अडतो. ई-इन्व्हॉइसचा संदर्भ क्रमांक, ज्याला आपल्याकडे आयआरएन म्हणतात, तो 64 अक्षरांचा असतो आणि तोही असाच यादृच्छिक दिसतो. जगातला कुठलाही सर्वसाधारण प्रोग्राम त्याला 32 बाइटच्या खाली नेणार नाही. मात्र तो तयार होतो विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक यांच्यावरून, आणि हे चारही त्याच ओळीत आधीच लिहिलेले असतात. नियम जाणणाऱ्याला हा रकाना पुन्हा काढता येतो. तत्त्वतः त्याची किंमत शून्य. शॅननची मर्यादा तुम्ही स्रोताबद्दल काय जाणता त्यावर ठरते, हे याहून लख्ख दाखवणारं उदाहरण मला सापडलेलं नाही. तरीही मी तो रकाना टाकून देणार नाही. पोर्टलवरून मिळालेला क्रमांक हा पुरावा आहे आणि आपण पुन्हा काढलेला क्रमांक हा आपला दावा. फार तर ‘नियमाशी जुळतो’ एवढा एक बिट आणि न जुळणाऱ्या ओळी जशाच्या तशा, इतपत करावं.

देवनागरी नोंदींचं वेगळंच दुखणं आहे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात दहा चिन्हं, म्हणून 30 बाइट. जुन्या इस्की संकेतात त्याला दहाच लागत. त्या तिनांतला पहिला बाइट नेहमी तोच आणि दुसरा दोनांपैकी एक, त्यामुळे झिप केल्यावर ही सूज बरीच उतरते. चिंता वेगळीच आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द अर्धा ‘ऱ’ वापरून लिहिता येतो आणि साध्या ‘र’ला जोडणारं न दिसणारं चिन्ह लावूनही. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. त्यात कुणी ‘कराड’ लिहितो. राज्यात जिल्हे 36, म्हणजे सहा बिटांचं काम. पण जिल्ह्याचा रकाना हाताने टाइप केलेला असेल तर त्या 36 नावांची शेकडो रूपं सापडतात आणि रकान्याचा शब्दकोश फुगतो. इथे कॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, नावं निवडायची यादी द्यायला हवी. फाईल किती आवळते यावरून कचेरीच्या नोंदींची शिस्त कळते, असं मी बेधडक म्हणेन.

संशोधनाची टोकाची बाजूही आहे. यिहान गाओ आणि आयआयटी मुंबईत शिकलेले आदित्य परमेश्वरन यांनी 2016 मध्ये स्क्विश मांडला. त्यात रकान्यांमधले सगळे संबंध संभाव्यतेच्या जाळ्यात बांधून मर्यादेच्या अगदी जवळ जायचा प्रयत्न आहे. न्यूरल जाळी वापरणारे प्रयोगही त्यानंतर झाले. अशा पद्धती अर्काइव्हसाठी ठीक. रोज चाळायच्या फाईलींसाठी त्या संथ पडतात. काळानुसार येणाऱ्या मोजमापांसाठी मात्र साध्या युक्त्याही कमाल करतात. फेसबुकच्या गोरिला या 2015 च्या प्रणालीने वेळ आणि किंमत मिळून 16 बाइटची नोंद सरासरी 1.37 बाइटवर आणली, मागच्या नोंदीपासूनचा फरक तेवढा लिहून.

ऑक्टोबर 2025 मध्ये मेटाने ओपनझेडएल खुलं केलं, आणि पीझिपची आठवण येणं अपरिहार्य झालं. डेटाची रचना आधी सांगायची, नमुन्यावरून शिकवणी घ्यायची, रकाने वेगळे काढायचे, प्रत्येकाला साजेशी रीत लावायची. ताऱ्यांच्या सूचीची एक फाईल या क्षेत्रात चाचणीसाठी वापरतात; तिच्यावर झेडस्टँडर्ड 1.31 पट, एक्सझेड 1.64 पट आणि ओपनझेडएल 2.06 पट, असे मेटाचे आकडे आहेत. ते त्यांनीच निवडलेल्या फाईलीचे आहेत हे विसरायचं नाही. कल्पना पंचवीस वर्षं जुनी असली तरी त्यात एक गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे: आवळण्याची योजना प्रत्येक फाईलीसाठी वेगळी असली तरी उलगडणारा प्रोग्राम एकच. खास रचनेच्या कॉम्प्रेशनवर आजवर जो सर्वांत रास्त आक्षेप होता, की प्रत्येक साच्याला वेगळी किल्ली जपावी लागते, त्याला हे उत्तर आहे.

किल्लीचा प्रश्न तात्त्विक नाही. एलझेडडब्ल्यू या लोकप्रिय पद्धतीचं पेटंट युनिसिसकडे होतं आणि ते अमेरिकेत 2003 पर्यंत चाललं. तोवर जीआयएफ चित्रं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे परवान्याचे पैसे मागितले जात होते. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्या धाग्याने तो एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेल्या चोरवाटेपर्यंत पोचला. लिनक्सवर जागोजागी असलेला हा प्रोग्राम मोजक्या स्वयंसेवकांच्या जिवावर चालत होता. सुरक्षेच्या बाजूने आणखी एक गोष्ट: एन्क्रिप्ट केलेला डेटा यादृच्छिक दिसतो आणि आवळत नाही, म्हणून आधी कॉम्प्रेशन, मग एन्क्रिप्शन, हा क्रम पाळावा लागतो. पण 2012 च्या ‘क्राइम’ नावाच्या हल्ल्याने दाखवलं की बाहेरच्याला आपला मजकूर त्यात घुसवता येत असेल तर फक्त लांबी पाहूनही तो गुपित हेरू शकतो.

माझा कौल असा. रोज ज्यांच्यावर हिशेब चालतो त्या नोंदींसाठी पार्के आणि आत झेडस्टँडर्ड, याहून वेगळं काही शोधण्यात बहुतेक कचेऱ्यांनी वेळ घालवू नये. आठ वर्षं कपाटात ठेवायच्या नोंदींसाठी साधी मजकुराची फाईल, जीझिप, आणि सोबत प्रत्येक रकान्यात काय आहे ते सांगणारं एक पान. थोडी जागा जास्त गेली तर जाऊ द्यावी. ओपनझेडएलसारखं नवं साधन महिन्याला टेराबाइटने नोंदी जमवणाऱ्यांनी आताच पाहावं, बाकीच्यांनी दोन वर्षं थांबावं. कुणाच्याही जाहिरातीतलं गुणोत्तर न मानता स्वतःची एका महिन्याची खरी फाईल घेऊन मोजावं. आणि मूळ फाईल पुसण्याआधी आवळलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उलगडून मुळाशी बाइटन् बाइट ताडून पाहावी.